पीजेच्या डब्यातला रुमाल

१

सकाळची नमाज झाली की नजीर मिस्त्री आधी बायकोची कूस बदलत आणि मग पहूर स्टेशनच्या कामाला लागत. गेल्या आठ महिन्यांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता. मेहरुनला कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, वाटीभर रव्याची खीर चमच्याने भरवायची, चष्मा घालायचा आणि उशाला तक्क्या देऊन तिला असं बसवायचं की पाचोऱ्यापासून पहूरपर्यंतचा रूळ तिला बसल्याबसल्या दिसावा.

पाचोरा तिच्या उशाशीच होतं. तिथून लाकडी फळी भिंतीच्या कडेने निघे, कपाटाजवळ शेंदुर्णी घेई आणि खिडकीखाली पहूरला पोचे. सगळा प्रवास चौदा फुटांचा. खऱ्या पाचोरा-जामनेर गाडीला, म्हणजे आपल्या पीजेला, मधे बरीच स्टेशनं होती, पण जळगावातल्या दोन खोल्यांच्या घरात तेवढी मावणार कुठून? जी वगळली त्यांची मिस्त्रींनी मनातल्या मनात माफी मागितली होती.

मिस्त्रींचा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. पंचेचाळीस वर्षं त्यांनी शटल आणि बॉबिनच्या खोबणीत आयुष्य काढलं. डोळ्याला भिंग लावून केसाएवढा स्क्रू बसवणं त्यांना नवीन नव्हतं. धुळ्याला नोकरीला असलेला मुलगा फैसल रूळ आणि डब्यांची किटं मागवून देई. नऊ मिलिमीटरचा रूळ घ्या, असं मिस्त्रींनीच हिशोब करून सांगितलं होतं. पीजेचा अडीच फुटी रूळ सत्त्याऐंशीपट लहान केला की पावणेनऊ येतात, आणि पाव मिलिमीटरसाठी कोणी कोर्टात जात नाही. खडी म्हणून गिरणेची चाळलेली वाळू होती, निंबाच्या झाडांना रंगवलेला भुसा होता, आणि पहूरच्या फलाटावर मातीचा माठही होता, हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

माणसं मात्र नव्हती. जीव असलेल्याची मूरत हाताने घडवायची नाही, हे मिस्त्रींच्या वडिलांनी त्यांना लहानपणी सांगितलं होतं आणि ते त्यांनी पाळलं होतं. बाकावर पिशवी असे, पण पिशवीवाला नसे. शेजारचे पितांबर नाना, पीजेवर तीस वर्षं गार्ड होते, रोज तपासणीला आल्यासारखे येत आणि सगळं न्याहाळून आपल्या अहिराणीत रोज तेच बोलत.

"बठ्ठं बराबर शे, मिस्त्री. पन मानसं कोठे गयात? कर्फ्यू लागना का पहूरले?"

मेहरुन यावर अर्ध्या तोंडाने हसे. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचं डावं अंग गेलं होतं आणि शब्द लोळत बाहेर पडत. पण उजवा हात शाबूत होता, आणि त्या मुठीत तिचा पिवळा रुमाल कायम असे. ब्लाउजच्या उरलेल्या कापडाचा, तांबड्या ठिपक्यांचा, तिनेच शिवलेला. मेहरुन पहूरची, शिवणकामात पटाईत. कुठल्याही रुमालाच्या कोपऱ्याला ती तीन टाके उलटे घाली, म्हणजे शिवण उसवत नाही. मिस्त्रींनी तिच्या माहेरची मशीन दुरुस्त करायला जाता-जाता तिलाच मागणी घातली, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

एवढा सगळा उद्योग कशासाठी, ते मात्र दोघांनाच माहीत होतं. पीजेने पुन्हा एकदा पहूरला जाऊन येऊ, असं मेहरुन किती वर्षं म्हणत होती. मिस्त्री म्हणत, पुढच्या महिन्यात. दुकान, गिऱ्हाईक, लग्नसराई. मग एक दिवस पीजे बंद पडली, रूळ रुंद करणार म्हणाले, आणि त्यानंतर मेहरुन पडली. तो पुढचा महिना आला नाही याची बोच मिस्त्रींना जेवतानासुद्धा लागे.

२

संक्रांतीच्या सुमारास तिसऱ्या डब्याचं किट आलं. कागदासारख्या पातळ फळीत डब्याचे भाग कोरलेले असतात, ते ब्लेडने अलगद सोडवायचे, कडा घासायच्या, गोंदाने जोडायचे. आतली बाकंसुद्धा वेगळी. मिस्त्रींनी बाकं बसवली, खिडक्यांचे गज ओढले, आणि छत लावायच्या आधी त्यांच्या मनात एक गंमत आली.

पाचोऱ्याला पीजे लागायची तेव्हा फलाटावर झुंबड उडायची. शहाणा माणूस दारात रेटारेटी करत नसे. तो खिडकीतून बाकावर रुमाल टाकी आणि मग सावकाश बिडी विझवून चढे. रुमाल पडला की जागा धरली. पीजेवर रुमालाला तिकिटापेक्षा जास्त मान होता. नाना शपथेवर सांगत की तीस वर्षांत दुसऱ्याचा रुमाल उचलून कोणी बसलेलं त्यांनी पाहिलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना मिस्त्रींनी आपला निळ्या चौकड्यांचा रुमाल असाच टाकला होता आणि मेहरुनला खिडकी मिळवून दिली होती. पुढे दरवेळी तेच. ती खिडकीत कोपर बाहेर काढून बसे, मिस्त्री दारात उभे राहत आणि शेंदुर्णीनंतर निंबाच्या फांद्या डब्याला घासू लागल्या की तिथून ओरडत, "कोपर आत घे, मेहरुन."

तर मिस्त्रींनी आपल्या फाटक्या निळ्या रुमालाची एक चिमूट कातरली. साडेतीन मिलिमीटर, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. चिमट्याने खिडकीजवळच्या बाकावर ठेवली, खाली गोंदाचा ठिपका दिला, आणि डबा मेहरुनच्या डोळ्यांपुढे धरला.

"बघ, जागा धरली तुझी."

मेहरुनने भिंगातून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. घरात दोघं हिंदीत बोलत, पण पहूरचा विषय निघाला की ती मराठीवर येई, कारण तिचं सारं बालपण त्या भाषेत गेलं होतं.

"आणि तुमची?"

"मी दारात. नेहमीसारखा."

तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. मिस्त्रींनी ते पुसलं आणि छत लावून टाकलं.

डबे हलके भारी असले की वळणावर घसरतात, म्हणून मिस्त्री प्रत्येक डबा सराफ्यात जिनेशच्या दुकानात नेऊन खड्यांच्या काट्यावर तोलत. जिनेश सराफ अभयकुमारांचा मुलगा, मारवाडी जैन, चेष्टेखोर. काका, या डब्याला हॉलमार्क मारून देऊ का, म्हणे. तिसरा डबा एकतीस ग्रॅम चारशे मिलिग्रॅम भरला. मिस्त्रींनी तो आकडा पेन्सिलीने डब्याच्या पोटाशी लिहून ठेवला.

३

त्याच आठवड्यात गाडी पाचोऱ्याला थांबू लागली.

म्हणजे असं, की मिस्त्री गोल बटण फिरवत, इंजिनाचा दिवा लागे, बारीक गुणगुण सुरू होई आणि गाडी जागची हलत नसे. दिवा लागतो त्याअर्थी करंट पोचतोय. मिस्त्रींनी रूळ स्पिरिटने पुसले, चाकं पुसली, सांधे मीटर लावून तपासले. सगळं ठीक. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. एक मिनिट पन्नास सेकंदांनी गाडी आपली आपण निघाली आणि शहाण्यासारखी पहूरला पोचली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसरा डबा सोडून दिला की गाडी झटक्यात सुटे. डबा जोडला की उभी. डब्याची चाकं बोटाने ढकलली तर तेल दिल्यासारखी फिरत. मिस्त्रींचं डोकं यंत्राचं. यंत्र रुसत नाही, त्याला काहीतरी झालेलं असतं, हे त्यांचं आयुष्यभराचं मत. त्यांनी जोडकडी बदलली, इंजिन खोललं, तेल दिलं. काही उपयोग झाला नाही, पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. गाडी रोज थोडी कमी थांबत होती. दीड मिनिट. मग सव्वा मिनिट. ते वहीत लिहून ठेवू लागले.

नानांना यात काहीच नवल वाटलं नाही. ते स्टुलावर चहा फुंकत म्हणाले, "मीबी अशीच थांबाडू. खिडकीम्हा रुमाल दिसना आनि मानूस नही दिसना, ते झेंडी खाले. रुमाल शे ना? मंग मानूस येईच."

रुमालवाला डब्यात चढेपर्यंत नाना हिरवी झेंडी दाखवत नसत. नाना हसले. मिस्त्रीही हसले, कारण म्हातारा गार्ड दुसरं काय बोलणार? मेहरुन मात्र हसली नाही. तिने डोळे मिटले होते आणि चष्म्याआड तिच्या चेहऱ्यावर, दूरवर काही ऐकताना माणसाचा होतो तसा, एक शांत भाव होता.

४

फैसल दर रविवारी धुळ्याहून येई. डॉक्टरांनी वजनावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तो आईला दोन्ही हातांवर उचलून काट्यावर उभा राही, मग तिला ठेवून एकटा उभा राही आणि वजाबाकी करी. आईला उचलताना तो तिच्या कानात काहीतरी चावट बोले आणि ती त्याच्या खांद्यावर थापटी मारी. मिस्त्री तेव्हा मुद्दाम स्वयंपाकघरात जात, कारण पोराचा चेहरा वजाबाकीनंतर कसा होतो ते त्यांना पाहवत नसे.

संक्रांतीला मेहरुन अठ्ठेचाळीस किलो होती. मार्चअखेरीस चाळीस भरली. खाणं तेवढंच होतं, औषधं तीच होती. डॉक्टर म्हणाले, आजारात असं होतं. धुळ्याला मोठ्या दवाखान्यात नेऊ, असं फैसलने काढलं, तर डॉक्टरांनी मान हलवली आणि घरातच ठेवा म्हणाले.

वजनाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मिस्त्री तिसरा डबा घेऊन जिनेशकडे गेले. गाडी आता वीसच सेकंद थांबत होती, पण शेंदुर्णीच्या चढाला इंजिन किंचित दमल्यासारखं वाटत होतं, म्हणून पुन्हा तोलून बघावं एवढंच. जिनेशने डबा काट्यावर ठेवला, काचेचं झाकण लावलं. एकतीस ग्रॅम चारशे बारा मिलिग्रॅम.

"बारा वाढले, काका. धूळ बसली असेल."

मिस्त्रींनी डबा फुंकला, ब्रशने झाडला. पुन्हा बारा. त्यांनी दुसरे दोन डबेही आणले होते. ते लिहिल्याबरहुकूम भरले, एका मिलिग्रॅमचाही फरक नाही.

परतताना मिस्त्रींचं डोकं सवयीने भागाकार करत होतं. लांबी सत्त्याऐंशीने एकदा भागायची. वजन मात्र तीनदा भागावं लागतं, कारण वस्तू लांबीत, रुंदीत आणि उंचीत अशी तिन्हीकडून लहान होते. मेहरुनचे घटलेले आठ किलो, म्हणजे आठ हजार ग्रॅम. सत्त्याऐंशीने एकदा. दोनदा. तीनदा.

नेहरू चौकात ते उभेच राहिले. मागून रिक्षावाला हॉर्न देत होता. आकडा बारा मिलिग्रॅम आला होता. त्यांनी स्वतःला सांगितलं की नजीर, तू म्हातारा झालास, जागरणं झालीत, आणि जो शोधतो त्याला दोरीतही साप सापडतो. घरी येईपर्यंत त्यांनी स्वतःला हे सात-आठ वेळा सांगितलं. आल्याआल्या पाटीवर खडूने भागाकार करून पाहिला. बाराच आले.

५

मग मिस्त्रींनी ठरवलं की रुमाल काढून टाकायचा.

दुपारची वेळ होती. मेहरुनचा डोळा लागला होता, कूलरची घरघर चालू होती. मिस्त्रींनी ब्लेडने छताची कड सोडवली आणि भिंग लावलं.

त्यांनी ठेवलेला रुमाल सपाट होता, कोऱ्या कागदासारखा. आता त्याला मधोमध वळ्या पडल्या होत्या आणि एक कोपरा बाकाच्या फटीत ओढला गेला होता. वर कोणी बसलं की रुमाल असाच चुरगळतो. मिस्त्रींनी हजार वेळा पाहिलं होतं ते. मेहरुन पहूरला उतरताना त्यांचा रुमाल असाच चुरगळलेला परत देई आणि त्याला तिच्या अंगाची ऊब असे.

गोंद ओढला गेला असेल, मिस्त्री पुटपुटले. उष्म्याने ओढतो गोंद. त्यांनी चिमटा आत घातला, रुमालाचं टोक पकडलं आणि हलकेच ओढलं.

मागे पलंगावर मेहरुन बाजूला सरकली.

मिस्त्रींनी मान वळवली. दहा-अकरा महिने तिचं डावं अंग लाकडासारखं पडून होतं. रोज त्यांनाच ते वळवावं लागे. आणि आत्ता, डोळे मिटलेले असताना, तिने डाव्या बाजूने नितंब चार बोटं उचललं होतं. खालून कोणी कापड ओढलं तर माणूस उचलतो तसं.

चिमटा त्यांच्या हातातून सुटला. मेहरुन अलगद खाली टेकली. मग ती बोलली, आणि तिचा शब्द या एका वेळी लोळला नाही.

"उठवू नका ना, मिस्त्री. आत्ताच तर बसलेय."

कूलर घरघरत होता. गल्लीत कुणीतरी भंगारवाल्याला हाक मारत होतं. मिस्त्रींनी छत जागेवर ठेवलं, पलंगाजवळ जमिनीवर बसले आणि तिचा हात कपाळाला लावून लहान मुलासारखे रडले. मीच धरली ती जागा, असं ते म्हणत होते. मी आपली गंमत केली. तुला कुठं पाठवायचं नव्हतं मला. मेहरुनने त्यांच्या टोपीवरून हात फिरवला आणि पुन्हा झोपी गेली.

६

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पाचोऱ्यापासून पहूरपर्यंत सगळ्यावर चादर घातली. बटणाची वायर काढून कपाटात कुलपात ठेवली. गाडीच सुटली नाही तर कोण कुठे जातंय? नानांना सांगितलं की इंजिन जळालं. नानांनी एकवार चादरीकडे, एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि चहा संपवला.

आणि खरंच, मेहरुन गेली नाही. पण ते काही राहणंही नव्हतं. तिने खीर बंद केली, मग पाणीही चमचाभरच. पाठीला जखमा झाल्या. एप्रिलचा जळगावचा उन्हाळा, पत्र्याखाली जीव नकोसा होतो, पण कूलर थेट अंगावर लावला तरी तिच्या कपाळाचा घाम वाळेना. डोळे सताड उघडे ठेवून ती त्या चादरीकडे बघत राही. असे तीन आठवडे मिस्त्री तिच्यासोबत जागले, तिला वारा घातला, ओला रुमाल छातीवर ठेवला. काहीच तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

एका दुपारी ती म्हणाली, "फार उकडतंय हो. गाडी चालू झाली की वारा लागेल."

उभ्या गाडीतला उकाडा ज्याने सोसलाय त्यालाच कळेल. फलाटावर गाडी खोळंबलेली असते, पत्रा तापलेला असतो, पोरं रडत असतात, आणि सगळा डबा एकाच गोष्टीची वाट बघत असतो. मिस्त्रींच्या हातातला विंझणा थांबला. तिला आपण वाचवतोय असं त्यांना तीन आठवडे वाटत होतं. आपण तिला पाचोऱ्याच्या फलाटावर, भर उन्हात, उभ्या गाडीत बसवून ठेवलंय हे त्यांना आता कळलं. आधी किती वर्षं पुढच्या महिन्यावर ढकललं, आणि अजूनही ढकलतोच आहोत.

"पहूरला जायचं?" त्यांनी विचारलं.

तिने पापण्या हलवल्या.

मिस्त्रींनी फैसलला फोन लावला आणि निघून ये म्हणून सांगितलं. मग वायर काढून आणली, चादर उचलली. रुळावरची तीन आठवड्यांची धूळ स्पिरिटने पुसली, कुठेही धक्का बसू नये म्हणून प्रत्येक सांध्यावरून नख फिरवून कानोसा घेतला. पहूरच्या फलाटावरच्या माठात ड्रॉपरने एक थेंब पाणी सोडलं. फैसल पोचेपर्यंत चार वाजून गेले होते. तो आईच्या पायाशी बसला, तिचे तळवे मांडीवर घेऊन.

मिस्त्रींनी डावा हात मेहरुनच्या मुठीत दिला, त्या पिवळ्या रुमालासकट. उजव्याने बटण फिरवलं.

गाडी या वेळी थांबली नाही. एक सेकंदही नाही. दिवा लागला आणि निघाली.

भिंतीच्या कडेने ती हळूहळू गेली. शेंदुर्णीच्या चढाला इंजिन दमलं, तेव्हा मिस्त्रींनी नखभर करंट वाढवला. खिडकीतून उतरतं ऊन फळीवर पडलं होतं. तिसरा डबा उन्हात आला आणि मिस्त्रींना दिसलं. भिंग नव्हतं, चष्म्यावरही घाम होता, त्यामुळे काय दिसलं याची त्यांना पुढे कधी खात्री देता आली नाही. पण खिडकीच्या चौकटीवर काहीतरी टेकलेलं होतं. गव्हाच्या कोंड्याएवढं, गव्हाळच, दुमडलेलं. पुढे निंबाची झाडं येत होती.

"कोपर आत घे, मेहरुन," मिस्त्री म्हणाले.

चौकट रिकामी झाली. डबा झाडांच्या आड गेला.

गाडी पहूरला लागली तेव्हा त्यांच्या बोटांभोवतीची मूठ सैल पडली होती. खोलीत बाहेरचा वारा आल्यासारखं झालं. मेहरुनच्या कपाळावरचा घाम वाळला होता. फैसलने आईच्या नाकापाशी हात धरला आणि मग तो तिच्या पायांवर वाकून रडू लागला. मिस्त्रींना रडूही आलं नाही लगेच. त्यांना फक्त एवढं वाटलं की पोचली, बरं झालं, पोचली.

७

चाळिसावा झाला. पाहुणे पांगले. न्हाऊ घालणाऱ्या बायकांनी मेहरुनच्या मुठीतून काढलेला पिवळा रुमाल मिस्त्रींनी उशीखाली ठेवला होता. गाडी त्यांनी त्या दिवसानंतर चालवली नव्हती. ती पहूरलाच उभी होती.

फैसल त्यांना धुळ्याला न्यायला आला होता. बॅग भरता भरता त्याने बापाकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "अब्बा, वाळलात तुम्ही. जेवता ना?"

जेवतो की, मिस्त्री म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं. नाना रोज डबा आणून समोर बसून खायला घालत होते.

निघण्याआधी गाडी नीट पुसून खोक्यात भरावी, म्हणून मिस्त्रींनी एकेक डबा हाती घेतला. तिसऱ्याचं छत त्या दुपारपासून नुसतं ठेवलेलंच होतं, चिकटवलं नव्हतं. त्यांनी ते उचललं, आत फुंकर घालायला भिंग लावलं.

निळा रुमाल नव्हता. बाकावर गोंदाचा वाळका ठिपका तेवढा होता.

त्याच्या शेजारच्या जागेवर दुसरा रुमाल होता. पिवळा. त्यावर सुईच्या टोकाने टोचल्यासारखे तांबडे ठिपके होते. मिस्त्रींनी भिंग आणखी जवळ नेलं. चारी बाजूंनी शिवण घातली होती, अशी की जगातल्या कुठल्याही सुईला ती जमू नये, आणि कोपऱ्याला तीन टाके उलटे होते.

मिस्त्री भिंग काढून बसून राहिले. भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण भीतीच्या मागोमाग जे आलं ते इतकं ओळखीचं होतं, की त्यांना हसू आलं आणि डोळे भरून आले. दरवेळी दारात उभं राहून प्रवास केला होता त्यांनी. त्यांच्यासाठी कधी कोणी जागा धरली नव्हती.

त्यांनी छत लावलं. गाडी पाचोऱ्याला आणून, रिकाम्या पलंगाच्या उशाशी, रुळावर ठेवली आणि बटण फिरवलं. इंजिनाचा दिवा लागला. गुणगुण सुरू झाली. गाडी हलली नाही.

फैसल बॅग घेऊन दारात आला. "बिघडली का?"

"नाही रे. थांबली आहे."

"किती वेळ थांबते?"

मिस्त्रींचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं नाही. ते गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले, त्या इवल्याशा खिडकीच्या गजांपाशी तोंड नेलं, आणि फैसलला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "येतो गं. तोवर कुणाला बसू देऊ नकोस."